बाल्कनीतला कारखाना

आधी एक कबुली देऊन टाकतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्या बेडखाली एक ड्रिल मशीन होतं, त्याच्या शेजारी जिगसॉ, आणि भिंतीच्या बाजूला, अजून बॉक्सही न फोडलेला एक राउटर. इंटरनेटचा नव्हे, लाकडाला गोल कडा काढायचा. तिन्ही वस्तू तीन वेगवेगळ्या दिवाळी सेलमध्ये घेतलेल्या, तिन्ही रात्री साडेअकरानंतर, आणि तिन्ही वेळा निमित्त एकच: ऑफिसचा वैताग. दिवसभर स्क्रीनवरची अक्षरं इकडून तिकडे हलवल्यावर हाताला काहीतरी लागेल असं करावंसं वाटतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण एवढ्या लवाजम्यातून मी बनवलं काय? एक मोबाइल स्टँड. तोही डुगडुगणारा.

दोष मशीनचा नव्हता. जरा हिशेब मांडा. घरी यायला साडेआठ. जेवण, भांडी, आईचा फोन. उरली पंचेचाळीस मिनिटं. त्यातली पंधरा बेडखालून सामान ओढून डायनिंग टेबलावर पेपर पसरण्यात, पंधरा ते सगळं पुन्हा आत सरकवण्यात. राहिली पंधरा. पंधरा मिनिटांत फेविकॉल वाळत नाही, बॉस. चिकटवलेला सांधा रात्रभर क्लॅम्पमध्ये आवळून ठेवायचा असतो, आणि सकाळी सात वाजता त्याच टेबलावर पोहे असतात.

म्हणजे घरच्या वर्कशॉपचा फंडा हत्यारांपासून सुरू होतच नाही. अर्धवट राहिलेलं काम जसंच्या तसं सोडून झोपायला जाता येईल आणि उद्या ते तिथंच सापडेल, अशी एक जागा हवी. दोन फूट असली तरी चालेल, पण ती रोज मोडायला लागता कामा नये. बाकी सगळं नंतर.

हे मला कळलं ते बाबांमुळे. बाबा पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं होते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून लोकांशी भांडणारा माणूस. त्यांची स्वतःची हत्यारं एका पत्र्याच्या ट्रंकेत असायची. चिंचवडच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो तेव्हा ती ट्रंक माळ्यावर गेली, 'पसारा नको' या सर्वपक्षीय ठरावाने. ती पुन्हा खाली आलीच नाही. रिटायर झाल्यावर बाबा पेपर वाचायला लागले, मग दुसरा पेपर, मग न बिघडलेले नळ दुरुस्त करायला लागले. घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही, की या माणसाला काम येतं पण ते करायला जागा नाही.

तर ते एकदा आमच्याकडे राहायला आले असताना चष्मा शोधायला वाकले आणि त्यांना बेडखाली ड्रिल दिसलं.

"अरे, ही काय मशीन ठेवायची जागा आहे?"

"बाबा, जागा आहे कुठे पण?"

काही न बोलता ते टेप घेऊन बेडरूमच्या बाल्कनीत गेले. बाल्कनीत त्या वेळी एक एक्सरसाइज सायकल होती (कपडे वाळत घालायला), तीन वाळक्या कुंड्या, आणि फ्लॅटचं काम झाल्यावर उरलेल्या टाइल्सचे चार बॉक्स. बाहेर येऊन म्हणाले, "साडेसात बाय साडेतीन. आमच्याकडे एवढ्या जागेत दोन माणसं काम करायची."

आता इथे एक शंका तुमच्या मनात येईल, माझ्याही आली होती. आपल्या घराचं फर्निचर ज्या मिस्त्रींनी केलं, त्यांच्याकडे कुठे होतं बेंच? एक पिशवी, दोन स्टूल, त्यावर आडवा टाकलेला प्लाय. जमिनीवर बसून पायाच्या अंगठ्याखाली लाकूड दाबायचं आणि रंधा मारायचा. खरंय. पण मिस्त्री येतात तेव्हा आपलं अख्खं घर त्यांचं वर्कशॉप असतं, महिना महिना. संध्याकाळी ते करवत तिथंच ठेवून जातात. आपल्याला ती चैन नाही.

बेंचसाठी नवीन काही घेऊ नका. आम्ही जुना फ्लश दरवाजा घेतला. बिल्डिंगा रिडेव्हलपमेंटला जातात तेव्हा असे दरवाजे भंगारवाल्याकडे ढिगाने येतात. साधारण सव्वा इंच जाड, सरळ, सपाट. फक्त आतून भरीव आहे ना, एवढं बोटाने ठोकून बघायचं; पोकळ असेल तर मधे कापल्यावर हातात दोन पापुद्रे येतात. पाच फुटांवर कापला, खाली तीन इंची पाय लावले, आणि पायांच्या मधे खाली एक फळी. त्या फळीवर गेले टाइल्सचे बॉक्स. एकेक पंचवीस-तीस किलोचा. हलकं बेंच रंधा मारताना तुमच्याबरोबर चालायला लागतं. हे आता तसूभर हलत नाही, आणि टाइल्सचा प्रश्नही सुटला.

उंचीबद्दल मात्र बाबा अडून बसले. सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, आणि मनगटातून तळवा जमिनीला समांतर करायचा. तळवा जिथे येतो ती रंधा-करवतीच्या कामाची उंची. माझी चौतीस इंच आली, म्हणजे जवळपास आपल्या किचनच्या ओट्याएवढी. सोल्डरिंग किंवा घड्याळाचं बारीक काम करणार असाल तर मात्र एवढ्यावर पाठ जाते. त्याला टेबल कोपराच्या आसपास हवं, नाहीतर सरळ खुर्ची घ्या. दोन्ही करायचं असेल तर बेंच खाली ठेवा आणि वर ठेवायला एक ठेंगणी पेटी करा. एकाच उंचीवर सगळं करायला गेलं, की महिन्याभरात फिजिओथेरपिस्टची ओळख होते.

मग आली मांडणी, आणि बाबांमधला कारखाना जागा झाला.

पिंपरी-चिंचवडमध्ये ज्यांच्या घरात कुणी कंपनीत होतं, त्यांना 'फाइव्ह एस' हा शब्द माहीत असेल. जपानी कारखान्यांतून आलेली पद्धत. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सू, शित्सुके. निवडा, मांडा, झाडा, नियम ठरवा आणि ते पाळा. लहानपणी हे शब्द मी बाबांच्या डायरीवर वाचायचो आणि मला ते कराटेचे प्रकार वाटायचे. तर पहिला एस म्हणजे निवड. बाबांनी माझ्याकडून लाल टिकल्यांचं पाकीट मागवलं (स्टेशनरीवाल्या, कपाळावरच्या नव्हेत) आणि गेल्या सहा महिन्यांत ज्याला हात लागला नाही, त्या प्रत्येक वस्तूवर एक चिकटवली. राउटरला लागली. बेचाळीस बिटांच्या सेटला लागली, त्यातले चारच वापरलेले. मी वाद घातला. ते म्हणाले, "फेकायचं नाही रे. फक्त पुढची जागा द्यायची नाही."

पुढची जागा म्हणजे भिंतीवरचा बोर्ड. अर्धा इंची प्लायचा तीन बाय दोन फुटांचा तुकडा, त्यावर खिळे, खिळ्यांवर हत्यारं, आणि प्रत्येकाभोवती मार्करने काढलेली बाह्यरेषा. पक्कड उचलली की भिंतीवर पकडीची सावली राहते. रात्री बोर्डकडे एक नजर टाकली की काय सोफ्याखाली राहिलंय ते कळतं. ही युक्ती फक्त कारखान्यांची नाही. ज्युलिया चाइल्ड या अमेरिकेतल्या प्रसिद्ध पाककलाकार बाईंच्या स्वयंपाकघरात त्यांच्या नवऱ्याने, पॉलने, भिंतीवरच्या बोर्डावर एकेका पातेल्याची अशीच रेषा काढून ठेवली होती. ते अख्खं किचन 2001 साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिलं गेलं. भाड्याच्या घरात असाल आणि घरमालक ड्रिल म्हटल्यावर डिपॉझिटकडे बघत असेल, तर बोर्ड बेंचच्याच मागच्या कडेला स्क्रूने उभा करा. भिंतीला हातही लागत नाही.

बोर्डावर काय हवं, काय नको? माझं मत सांगतो, पटेल असं नाही. रोज लागणारी आठ-दहा हत्यारं, एवढंच. दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, हातोडी, एक बारीक दातांची करवत, पाऊण इंची पटाशी, कानस, टेप, पेन्सिल आणि गुण्या. पेन्सिलीला दोरी. क्लॅम्प मात्र परवडतील तेवढे घ्या. चार असले तर पाचवा लागतोच. एक चांगली धारेची पटाशी बॉक्समधल्या सहा बोथट पटाश्यांहून बरी, आणि ती बोहरी आळीत हातात धरून, वजन बघून घ्यावी. रविवार पेठेतल्या त्या गल्लीत हार्डवेअरवाला आधी विचारतो, "काय करायचंय?" ऑनलाइन सेल हे विचारत नाही, म्हणून तर बेडखाली राउटर जातो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी तापकीर गल्ली गाठावी, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच.

आणि स्क्रूंचं काय? यावर जागतिक दर्जाचं सोल्युशन तुमच्या आईच्या किचनमध्ये आहे. मिसळणाचा डबा! सात वाट्या, एक झाकण. अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड इंची स्क्रू, सहाव्या वाटीत वॉशर, सातवीत 'बघू' (हीच सगळ्यात भरते). झाकण उघडलं की सगळं एकदम दिसतं. माझ्या बायकोने तो डबा पहिल्यांदा बाल्कनीत बघितला तेव्हा जो संवाद झाला तो इथे देत नाही. नवीन डबा आणून दिला.

मोठ्या कापाकापीसाठी घरात मशीन आणायच्या फंदात पडू नका. आठ बाय चारची प्लायची शीट तुमच्या लिफ्टमध्येही मावणार नाही. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये किंवा आपल्या भागातल्या प्लायवाल्याकडे मापं लिहून न्या. बरेच जण थोडे पैसे घेऊन मशीनवर कापून देतात, आणि आपल्यापेक्षा काटकोनात देतात. सरावासाठी पॅकिंगच्या खोक्यांचं पाइनवूड स्वस्तात मिळतं. फक्त त्यावरचा शिक्का बघा. गव्हाच्या कणसाच्या चिन्हाशेजारी 'एचटी' असेल तर लाकूड उष्णतेने किडीमुक्त केलंय. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलीय. ते राहू द्या तिथेच.

बाल्कनीत विजेचा पॉइंट बहुतेक पाच-सहा अँपिअरचा असतो. ड्रिल, जिगसॉ, सोल्डरिंग गन यांना तो पुरतो. दोन हजार वॉटची हीट गन त्याच्यावर लावू नका. आणि घराच्या डीबीत 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवलेली आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. पावसाची तिरकी सर आणि एक्स्टेन्शन बोर्ड यांची ओळख करून द्यायची नसते. बाल्कनी कायमची बंद करायला परवानग्या लागतात, त्यामुळे आम्ही जाड प्लॅस्टिकचा गुंडाळता येणारा पडदा लावला. काम चालतं.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग मे महिना आला.

एका रविवारी सकाळी मी झकास पॉलिश पेपर घासत बसलो होतो. कानात गाणी. पंधरा मिनिटांनी बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू. त्यांच्या हातात ताट, ताटात साबुदाण्याच्या पापड्या, आणि पापड्यांवर दालचिनी भुरभुरावी तसा माझा भुसा.

"दोन किलोच्या आहेत," काकू म्हणाल्या. बस, एवढंच. आवाजही चढवला नाही. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मंडळी, फ्लॅटमधलं वर्कशॉप चालतं की बंद पडतं, हे तुमच्या हातच्या कौशल्यावर ठरत नाही, खालच्या आणि शेजारच्या घरावर ठरतं. त्यामुळे धूळ आणि आवाज या दोन गोष्टींवर हत्यारांपेक्षा जास्त डोकं खर्च करा. आधी धूळ. वॉशिंग मशीनचा रिकामा खोका घ्या, एक बाजू कापा, आडवा ठेवा, घासायचं काम त्याच्या पोटात करा. तळाला ओलं फडकं. नंतर झाडू मारायचा नाही, ओल्या कपड्याने पुसायचं. झाडूने बारीक धूळ पुन्हा हवेत जाते. आणि 2020 नंतर घराघरात पडून असलेले एन-95 मास्क बाहेर काढा. हे गमतीने म्हणत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलंय. पुरावा मुख्यतः वर्षानुवर्षं ती धूळ खाणाऱ्या कामगारांचा आहे, पण बंद बाल्कनीत तुम्हीही तीच खाता. एमडीएफ आणि प्लायच्या भुशात वर फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो.

आता आवाज. निवासी भागासाठी कायद्याने घातलेली मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्र दहाला सुरू होते. पण शेजारी डेसिबल मोजत नाहीत, त्यांचं बाळ झोपलंय का ते बघतात. भिंतीत किंवा स्लॅबमध्ये हातोडा-ड्रिल चाललं की काँक्रीटमधून तो आवाज चार मजले फिरतो. हातोडी बेंचवर आपटली तरी पायांमधून खाली जातो. पायांखाली जुन्या योगा मॅटचे चौकोन कापून ठेवा. (सगळ्यांच्या घरी जुनी योगा मॅट असते. तीही जवळजवळ नवी.) मशीनचं काम शनिवारी अकरा ते एक, रोज रात्री फक्त हाताचं: आखणी, पटाशी, चिकटवणं, रंगवणं. खरं सांगू? सोसायटीपायी पाळायला लागलो, पण रात्रीचं बिनमशीनचं काम आता जास्त आवडतं. रंधा नीट लागला की जो आवाज येतो तो खालच्या मजल्यापर्यंत जात नाही.

काकूंना दोन किलो साबुदाण्याच्या पापड्या मी काही करून देऊ शकत नव्हतो. त्यांच्या पोळपाटाचा एक पाय निघालेला होता, तो बसवून दिला. तीन पायांचा पोळपाट कुठल्याही ओट्यावर डुगडुगत नाही. दोन पायांच्या पोळपाटाचं काय होतं ते त्यांनी मला करूनच दाखवलं. तो पाय बाबांनी बसवला, खोटं कशाला बोलू. मी क्लॅम्प धरला होता.

पाऊस सुरू झाल्यावर दुसरा धडा. मी मे महिन्यात बेडसाइड टेबलासाठी पाइनचा एक कप्पा केला होता. इतका चपखल, की आत सरकवला की हवेची फुस्स येई. फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकले. जुलैत तो बंद झाला तो उघडेचना. आत पासपोर्ट. लाकूड दमटपणात रुंदीकडे फुगतं, लांबीकडे जवळजवळ नाही, हे मला पासपोर्टची गरज पडल्यावर समजलं. उन्हाळ्यात केलेल्या कप्प्याला वर रुपयाच्या नाण्याएवढी फट सोडायची असते. हत्यारांचंही तेच: जूनच्या आधी प्रत्येक पटाशी, करवत, रंध्याचं पातं शिलाई मशीनच्या तेलाच्या बोळ्याने पुसा. तांबेऱ्याला एक आठवडाही पुरतो. आणि फर्निचरला अळशीचं तेल लावत असाल तर त्याचे बोळे चुरगाळून डस्टबिनमध्ये टाकू नका. ते वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, मग टाका.

बाबा आता दर शनिवारी येतात. चिंचवडहून स्टेशनपर्यंत रिक्षा, पुढे मेट्रो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून कोथरूड. येताना पिशवीतून ट्रंकेतलं एकेक काहीतरी आणतात. आधी कानशी आल्या. मग सेंटर पंच. एकदा तेलकट फडक्यात गुंडाळलेला व्हर्नियर आला, तो मला बघायला मिळाला, ठेवायला नाही. आल्यावर चहाच्या आधी बोर्डसमोर उभे राहतात, रिकाम्या रेषा मोजतात आणि माझ्याकडे बघतात. आई म्हणते, शुक्रवारी रात्री यांना झोप लागत नाही.

गेल्या खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं उतरवली. कंपनीत हा दिवस मोठा असायचा. मशीनं चकचकीत पुसून हार, झेंडू, पेढे. बाबांनी एकेक हत्यार तेलाने पुसलं, धार नखावर बघितली, पाटावर मांडलं. बायकोने हळदीकुंकू वाहिलं. मिसळणाच्या डब्यालाही वाहिलं, जरा टोमण्यानेच. लाल टिकलीवाला राउटर पूजेत होता, पण शेवटच्या रांगेत.

संध्याकाळी सगळं परत बोर्डावर लावलं, तरी उजव्या कोपऱ्यातली एक रेषा रिकामीच राहिली. ती गुण्याची. मी बोर्ड केला तेव्हाच बाबांनी ती काढून घेतली होती, त्यांच्या ट्रंकेतल्या गुण्याच्या मापाची, सहा इंची, स्टीलची. मी त्यांना विचारलं, "बाबा, हा कधी आणताय?"

"आधी पटाशीला धार लावायला शीक," ते म्हणाले, "मग बघू."